ऐकणारा विश्वास

"आमचा धाकटा अजिबात ऐकत नाही," असे एखादी आई सांगते, तेव्हा मुलाच्या कानात काही दोष असेल असे कोणी समजत नाही. त्याला ऐकू सगळे येते, पण सांगितलेले तो करत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या मराठीत 'ऐकणे' या एका शब्दात कानावर घेणे आणि त्याप्रमाणे वागणे, या दोन्ही गोष्टी येतात. ख्रिस्ती जीवनातील विश्वास आणि देवाचे आज्ञापालन यांविषयी आज बोलायचे आहे, आणि त्यासाठी हा रोजच्या वापरातला शब्द फार उपयोगी पडतो.

बायबलचा जुना करार ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला, तिच्यातही नेमके असेच आहे. तिथे 'शामा' या क्रियापदाचा अर्थ ऐकणे असा होतो आणि मानणे असाही होतो. याच धातूपासून यहुदी लोकांच्या 'शेमा' या प्रार्थनेचे नाव आले. आपल्या कोकणातले बेने इस्राएली लोक घाण्यावर तेल काढीत, शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शतकानुशतके इतर यहुदी समाजापासून तुटल्यामुळे हिब्रू भाषा ते जवळजवळ विसरले होते. तरी 'शेमा' त्यांच्या ओठांवर टिकून राहिली. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतही आज्ञापालनाचा शब्द 'ऐकणे' या शब्दापासूनच तयार झाला आहे. म्हणजे देवाची आज्ञा पाळणे हे मुळात शिपायाने हुकूम झेलण्यासारखे नाही. जवळच्या माणसाचे आपण ऐकतो, तसे ते ऐकणे आहे.

'विश्वास' हा शब्दही असाच पाहण्यासारखा आहे. त्याच्या पोटात 'श्वास' आहे. मोकळा श्वास घेणे, निर्धास्त असणे, हा त्या संस्कृत धातूचा मूळ अर्थ. ज्याच्याजवळ छाती दडपत नाही, त्याच्यावर आपला विश्वास असतो. हे दोन्ही शब्द शेजारी ठेवले की आपला विषय उलगडू लागतो. निर्धास्त झालेले मन ऐकू शकते, आणि खरे ऐकलेले असेल तर ते हातापायांत उतरते.

आता या विश्वासाला 'शांत' का म्हणायचे? एलीया संदेष्ट्याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. जिवाच्या भीतीने पळून तो होरेब डोंगरावर गेला. तिथे आधी सोसाट्याचा वारा सुटला, मग भूकंप झाला, मग अग्नी आला. या तिन्हींत त्याला देव भेटला नाही. त्यानंतर जो अगदी हळू आवाज आला, त्यातून देव त्याच्याशी बोलला. पण गोष्ट इथे संपत नाही. त्या आवाजाने एलीयाला गुहेत डोळे मिटून बसायला सांगितले नाही. आल्या वाटेने परत जा आणि राहिलेले काम कर, असेच त्याला सांगण्यात आले.

थेस्सलनीका येथील मंडळीतही हा प्रश्न उभा राहिला होता. तिथल्या काही जणांनी कामधंदा सोडला होता आणि ते दुसऱ्यांच्या घरात लुडबुड करीत हिंडत होते. पौलाने त्यांना पत्रांतून बजावले, की शांतपणे राहा, आपापले काम पाहा आणि स्वतःच्या हातांनी मिळवून खा. पौलाच्या लेखी शांतपणा म्हणजे निष्क्रियता नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

यावल-रावेर भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. केळीची लागवड केली की घड उतरायला वर्षभर तरी लागते. रोज बागेत उभे राहून पाहिले, तरी वाढ डोळ्यांना दिसत नाही. पण ठिबकची नळी तुंबली का हे पाहावेच लागते, पिले वेळेवर कापावीच लागतात. केळ निसवणे आपल्या हातात नसते, पाणी देणे मात्र असते. एखाद्या वर्षी वादळात उभी बाग आडवी होते. त्याने मन खचते, तरी पुढच्या लागवडीची तयारी करावीच लागते. विश्वासाचेही असेच आहे. फळ देवाच्या हाती आणि आजचे काम आपल्या हाती, एवढी वाटणी ज्याला मान्य झाली, त्याची धावपळ कमी होत नाही, पण धास्ती कमी होते.

येशूने सांगितलेला दोन मुलांचा दाखला इथे आठवतो. बापाने दोघांनाही द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगितले. एकाने तोंडावर नकार दिला, पण नंतर पस्तावून तो गेला. दुसरा "जातो" म्हणाला आणि गेलाच नाही. बापाचे खरे कोणी ऐकले, असा येशूचा प्रश्न होता. रविवारी उपासनेत मोठ्याने 'आमेन' म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न सोमवारी स्वतःला विचारावा.

मात्र इथे एक धोका आहे आणि तो लहान नाही. 'देवाचे ऐका' असे सांगत माणसे आपलेच ऐकायला लावतात. त्यामुळे कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न टाळता येत नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या दोन स्त्रियांनी याचे उत्तर स्वतःच्या आयुष्यातून दिले आहे.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी अतोनात दुःख सोसले. काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नव्हते. जातिभेद माणसांनी केला, देवाने नव्हे, हे त्यांच्या मनाला हळूहळू पटत गेले आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. हा सारा प्रवास त्यांनी 'स्मृतिचित्रे'त प्रांजळपणे लिहिला आहे. त्या काळी पत्नीने पतीचे मुकाट्याने ऐकावे अशी रीत होती. लक्ष्मीबाईंनी देवाचे ऐकले, आणि ऐकू येईपर्यंत थांबल्या. पुढे १९१९ साली टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ज्या बाईला शाळा मिळाली नव्हती, तिने त्याचे साठांहून अधिक अध्याय लिहून ते पूर्ण केले.

पंडिता रमाबाईंचेही असेच. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मगुरूंचा आणि भगिनींचा अधिकार त्यांनी निमूटपणे मानावा, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी पत्रांतून ठाम उत्तर दिले, की पटल्याशिवाय मी कोणाच्या मतापुढे मान वाकवणार नाही. याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्या आईवडिलांचा अंतही दुष्काळाच्या दिवसांतच झाला होता. केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभी राहिली ती अशी. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत मूळ भाषांवरून बायबल आणायचे काम त्यांनी हाती घेतले आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्याला वाहून घेतले. माणसांपुढे न वाकणारी ही स्त्री देवाच्या कामापुढे वर्षानुवर्षे खाली मान घालून बसली.

आपल्या खानदेशाचाही या घराशी संबंध आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाला तिथे 'बालकवी' हे नाव मिळाले. रेव्हरंड टिळकांनी या मुलाला पुढे नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, तरी ते घर त्यांचे राहिले. श्रद्धेचा गाजावाजा न करता ती कशी जगता येते, हे अशा घरात दिसते. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयातही ते दिसते. तिथे वर्षानुवर्षे आदिवासी रुग्णांची सेवा चालू आहे.

म्हणून आतला एखादा आवाज देवाचा आहे की नाही, हे पारखताना काही साधे प्रश्न विचारावेत. ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रीतीशी तो जुळतो का? त्यातून दुबळ्याचे भले होते, की सांगणाऱ्याचाच फायदा होतो? ही गोष्ट चार जाणत्या माणसांना उघडपणे सांगता येईल का? घरात मार खाणाऱ्या बाईला कोणी "देवासाठी सोस, शांत राहा" असे सांगत असेल, तर तो आवाज या कसोटीला उतरत नाही. अशा वेळी दार उघडून मदत मागणे हेही देवाचे ऐकणेच आहे. माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे, हे पेत्राने न्यायसभेसमोर उभे राहून सांगितले होते. शांत विश्वासाला वेळ आली की बोलताही येते.

आणि ऐकणे नेहमी सोपे नसते. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने, हे दुःख टळावे, अशी प्रार्थना केली. त्याने आपली भीती लपवली नाही. ती पित्याला सांगितली आणि मग पित्याच्या इच्छेला होकार दिला. आपल्यालाही आधी रडण्याची, विचारण्याची, थांबण्याची मुभा आहे.

रोजच्या जीवनात सुरुवात लहानच असते. सकाळी दहा मिनिटे शांत बसावे, एखादा उतारा वाचावा आणि त्यातले आज करण्याजोगे एक काम ठरवावे. कोणाची उधारी फेडायची असेल, रुसलेल्या भावाला फोन करायचा असेल, मजुराची राहिलेली मजुरी द्यायची असेल. रात्री निजण्यापूर्वी ते झाले का, एवढेच पाहावे. झाले नसेल, तर ते उद्याच्या कामात सर्वांत वर लिहावे.