उकळणारा दगड

सिन्नरचे गोंदेश्वराचे देऊळ ज्या काळ्या दगडात घडविले आहे, तो एके काळी वाहता लाव्हारस होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांतून बाहेर पडला. निवताना वायूंचे बुडबुडे आत अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजे विरघळलेले ऊन पाणी त्यांत झिरपले व स्फटिक जमले. झिओलाइट हे त्यांपैकीच एक खनिजकुल. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक मांडले आहेत.

१७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोन्स्टेट यांनी असा खडा तापविला, तेव्हा तो फसफसला आणि वाफ निघाली. म्हणून ग्रीक भाषेतील ‘उकळणे’ व ‘दगड’ या शब्दांवरून त्यांनी हे नाव ठेवले.

हे पाणी येते कोठून? झिओलाइटमध्ये रेणूंच्या मापाच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांत पाणी असते. ते गेले, तरी सांगाडा बहुधा टिकतो आणि रिकाम्या जागेत दुसरे रेणू शिरू शकतात.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर याच गुणावर चालतो. त्यात कारखान्यात बनविलेले झिओलाइट असते. दाबाखाली हवा सोडली, की नायट्रोजन अडकतो व ऑक्सिजन पुढे जातो. दाब उतरविला, की नायट्रोजन सुटतो. २०२१ मध्ये करोनाच्या साथीत प्राणवायूचा तुटवडा पडला, तेव्हा या यंत्रांनी अनेक रुग्णांना आधार दिला.

मित्रांनो, विहिरीच्या दगडांत चकाकता पांढरा खडा सापडला, तर तो काचेच्या तुकड्यावर घासून पाहा. गारगोटीने ओरखडा उठतो. उठला नाही, तर कदाचित तुमच्या हाती झिओलाइट असेल!