अण्णांची वही आणि आईचे गुण

माहेरचं जुनं घर विकायचं ठरलं आणि माळ्यावरची लाकडी पेटी माझ्या वाट्याला आली. भाऊ म्हणाला, "ताई, हे तूच ने. मला ठेवायला जागा नाही आणि टाकवतही नाही." पेटीत अण्णांच्या रेकॉर्डस्, माझ्या कॉलेजच्या काळातल्या कॅसेट आणि सगळ्यात खाली लाल पुठ्ठ्याची एक वही.

वही उघडली आणि हसूच आलं. आमचे अण्णा शाळामास्तर. उभा जन्म पेपर तपासण्यात गेला. त्यांनी रेकॉर्डस्‌नासुद्धा सोडलं नव्हतं! प्रत्येक रेकॉर्डचं नाव, पुढे १० पैकी गुण आणि लाल शाईत शेरा. 'उत्तम', 'दुसरी बाजू सामान्य', 'पुन्हा ऐकणे'. मनात म्हटलं, आता आपणही पेपर तपासू. अण्णांचे गुण एका रकान्यात, आपले दुसऱ्या.

पण वाजवायचं कशावर? रेकॉर्ड प्लेअर पेटीतच होता, पण त्याची सुई गेलेली आणि पट्टा सैल पडलेला. गावातल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी आठ दिवसांत तो बोलता केला. कॅसेटसाठी आमच्या भजनी मंडळाचा टेप मागून आणला. कॅसेटच्या फिती सैल झाल्या होत्या. पेन्सिल घालून एकेक गुंडाळली. मैत्रिणींनो, पेन्सिल आणि कॅसेट यांचं नातं तुम्हाला वेगळं सांगायला नको!

पहिला मान अर्थातच 'गीतरामायणा'ला. १ एप्रिल १९५५, रामनवमी. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत प्रसारित झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत येत राहिलं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं म्हणजे सुधीर फडक्यांचं संगीत, एकूण ५६ गीतं. अण्णांच्या वहीत १० पैकी १०, शेरा 'निर्दोष'. मी ९ दिले. अण्णा असते तर भांडलेच असते माझ्याशी! पण माझं कारण ऐका. रेडिओवर सीतेची गीतं माणिक वर्मांनी गायली होती. इतर पात्रांनाही वेगवेगळे आवाज होते. रेकॉर्डवर मात्र सगळं रामायण एकट्या बाबूजींच्या आवाजात आहे. त्यांचे शब्दोच्चार, त्यांचा भाव यांना तोड नाहीच. पण सीता दुःख सांगते तेव्हा तिचा स्वतःचा आवाज हवा होता, असं आज वाटतं. पंधराव्या वर्षी हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग 'शिवकल्याणराजा'. शिवराज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली त्या १९७४ साली ही रेकॉर्ड आली. हृदयनाथांचं संगीत, लतादीदींचा आवाज आणि बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. रामदासांपासून भूषण कवीपर्यंतच्या रचना एका धाग्यात ओवलेल्या. आई-अण्णांचं लग्न त्याच वर्षीचं, म्हणून या रेकॉर्डला घरात वेगळाच मान. अण्णांचे ९, माझेही ९. आजही अंगावर काटा येतो.

'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ सालची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस फक्त सुरांतून उभा केलाय. अण्णांनी ७ देऊन शेरा मारलाय, 'शब्द नाहीत'. मी सरळ ९ दिले. सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले, की चहाचा कप घेऊन ही ऐकावी!

खरी गंमत किशोरीताईंच्या रेकॉर्डपाशी झाली. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. अण्णांचे गुण ६, शेरा 'पुन्हा ऐकणे'. लहानपणी ही लागली की आम्ही भावंडं अंगणात पळायचो. आता शांत बसून ऐकली, तर वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. ऐन पंचविशीच्या सुमाराला किशोरीताईंचा आवाज गेला होता, दोनेक वर्षं गाणं बंद होतं. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कुर्डी गावच्या. नवऱ्यामागे एकटीनं मुलं वाढवत त्यांनी गाणं सांभाळलं आणि लेकीच्या हाती दिलं. हे सगळं वाचल्यावर तो भूप मला निराळाच ऐकू आला. साडेनऊ दिले. अर्धा का कापला म्हणाल, तर मास्तरांची मुलगी ना मी!

माझ्या कॅसेटचीही तपासणी झाली. 'गारवा'ला कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणींनी १० पैकी ११ दिले असते. मिलिंद इंगळेंचा आवाज, आधी सौमित्रची कविता आणि बाहेर पाऊस... वसतिगृहाच्या गॅलरीत बसून रडलोय आम्ही. आता तीच कॅसेट लावली तर आधी वाळत घातलेले कपडे आठवले, मग गळकी मोरी! ७ दिले. दोष कॅसेटचा नाही हो, वयाचा. २००३ साली आलेलं संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचं 'आयुष्यावर बोलू काही' मी बालवाडीच्या पहिल्या मानधनातून घेतलं होतं. त्याला ८, आणि त्यात पैकी १ गुण मानधनाचा.

असे माझे दोन रकाने छान भरत आले होते. आई हल्ली माझ्याकडेच असते. बाजूला बसून लसूण सोलत होती. मी कौतुकानं वही तिला वाचून दाखवत होते. मध्येच ती म्हणाली, "आणि माझे गुण कुठं आहेत?"

मी गप्पच झाले. पन्नास वर्षं त्या घरात रेकॉर्डस् वाजल्या. अण्णा खुर्चीत बसून ऐकायचे, आम्ही सतरंजीवर, आणि आई स्वयंपाकघरात. ऐकत तीही होती. पण तुला काय आवडलं, असं तिला कधी कुणी विचारलंच नाही. अण्णांनी नाही आणि खरं सांगायचं तर मीही नाही. बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना सांगते, की तुमचं मत मांडायला शिका. आणि माझ्याच आईचा रकाना आखायचा माझ्याकडून राहिला होता!

तिसरी रेघ मारली. म्हटलं, "सांग."

आईनं फारसा विचार केला नाही. जणू उत्तरं तयारच होती. 'गीतरामायण' ८. "सगळं ऐकायला बसायला मिळालंच कधी? चूल सोडून येता येत नव्हतं." 'कॉल ऑफ द व्हॅली' १०. "नऊ माणसांच्या घरात दिवसभर सगळे बोलायचे गं. यात कुणी बोलत नाही, ते फार बरं वाटायचं." किशोरीताईंना तर तिनं १० दिलेच, वर म्हणाली, "ही लागली की माझी भाकरी करपायची. राग-बिग मला कळत नाही, पण त्या बाईला कुठं थांबायचं ते कळतं." अण्णांनी ज्याला ६ दिले त्याला तिचे १०. आणि ते अण्णांना ठाऊकच नाही.

लतादीदींच्या 'अभंग तुकयाचे'लाही तिचे १०. श्रीनिवास खळ्यांच्या त्या चाली तिला आजही तोंडपाठ आहेत. हे अण्णांचेही १० आणि माझेही. निदान एका रेघेत तरी आम्ही तिघं एका बाजूला आलो.

मग तिनं विचारलं, "आणि आत्याबाईंची कॅसेट?"

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, माझी आजी. माझ्या पोटात खड्डा पडला.

१९९२ च्या दिवाळीत काकांनी आजीला जात्यावर बसवून तिच्या ओव्या कोऱ्या कॅसेटवर भरून घेतल्या होत्या. साठ मिनिटांची कॅसेट, एक बाजू पूर्ण भरली होती. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला. मैत्रिणीकडून एका रात्रीसाठी कॅसेट आणली होती. घरात कोरी कॅसेट नव्हती. हाताला लागेल ती मी डबल डेकमध्ये घातली. ती आजीची होती. काही मिनिटं आजी तशीच राहिली, पुढे सिनेमाची गाणी. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. टेपमध्ये नवं भरताना आधी जुना आवाज पुसला जातो, तो परत आणता येत नाही. मी कॅसेट तळाशी दडवली आणि कुणाला काही बोलले नाही. दोन वर्षांनी आजी गेली. तीस वर्षं हे मनात घेऊन आहे.

त्या दिवशी आईला सांगून टाकलं. ती रागावली नाही. म्हणाली, "लाव."

अकरा मिनिटं. आधी जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, मग आजी. भावाच्या ओव्या, माहेरच्या वाटेच्या, विठ्ठलाच्या. अकराव्या मिनिटाला एका ओवीच्या मध्येच आवाज तुटला आणि वाद्यांचा गजर सुरू झाला. मी घाईनं बटण दाबलं.

आई म्हणाली, "पुढं आक्काच्या ओव्या होत्या."

"कोण आक्का?"

मग कळलं ते असं. आजीला पहिली मुलगी होती. नऊ वर्षांची होऊन तापानं गेली. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती, आजोबांना सहन व्हायचं नाही. आजी फक्त जात्यावर तिचं नाव घ्यायची. जात्याच्या घरघरीत ते पुरुषांच्या कानावर जात नसे. आई नवी नवरी म्हणून समोरच्या बाजूनं खुंटा धरायची, तिनं ऐकलं होतं. म्हणजे मला एक आत्या होती आणि ते मला सत्तेचाळीसाव्या वर्षी कळत होतं. तिचं नाव एकाच ठिकाणी साठवलं गेलं होतं, आणि ते मी माझ्या हातानं पुसलं होतं.

मला रडू आवरेना. आईनं लसणाची ताटली बाजूला सारली, डोळे मिटले आणि आजीची ओवी जिथं तुटली होती तिथून म्हणायला सुरुवात केली. तोच ठेका, तीच उचल. मोबाईल सुरू करायचं भान मला दुसऱ्या ओवीला आलं. आक्काच्या तीन ओव्या तिला आठवल्या. तिसरीत नाव होतं. पुढचे चार दिवस आठवेल तसं ती म्हणत गेली आणि मी भरून घेत गेले. सगळं नाही मिळालं. जे गेलं ते गेलंच.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी त्यांची गाणी लिहून ठेवली होती, म्हणून त्यांच्या मागे १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येत आहेत. कुणीतरी लिहून ठेवलं, कुणीतरी भरून घेतलं, म्हणून हे राहिलं.

म्हणून मैत्रिणींनो, दोन गोष्टी सांगते. घरात जुन्या कॅसेट असतील तर त्यांच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे असतात, ते आधी मोडून टाका. मग त्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जात नाही. आणि जमेल तेव्हा त्यातला आवाज मोबाईलवर उतरवून घ्या, नाव आणि साल लिहून ठेवा. दुसरं, घरात आई असेल, सासूबाई असतील, तर त्यांना ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी म्हणायला सांगा. "मला कुठं येतंय," असंच म्हणतील पहिल्यांदा. जरा थांबा. काम करता करता आपोआप सुरू होतील. मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हाच विषय घेतला, तर हिशेब बाजूलाच राहिला आणि चौघीजणी गायला लागल्या!

वही आता पूर्ण झाली आहे. तीन रकाने, तीन शाया. शेवटच्या ओळीत आजीच्या कॅसेटचं नाव लिहिलं आणि आईला विचारलं, "किती देऊ?"

आई म्हणाली, "त्याला गुण नको देऊ. तारीख घाल आणि आक्काचं नाव लिही."

तेवढंच लिहिलं.