कालव्याच्या वर, कालव्याच्या खाली

२०२४च्या जूनमध्ये उजनी धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास होतं. धरणाची एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी. त्यातलं साडेत्रेपन्न टीएमसी वापरायचं आणि त्रेसष्टहून अधिक तळाशी राखायचं, असा मूळ हिशेब. उणे साठ म्हणजे वापरायचं सगळं संपून राखीव पाण्यातलंही निम्मं उपसून झालेलं. अशा उन्हाळ्यात पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं, पेपरात फोटो येतात आणि पुण्याहून लोक गाड्या काढून बघायला जातात. त्याच वेळी इंदापूरच्या काठावरचा शेतकरी मोटार घेऊन पाण्यामागे निघालेला असतो. आज जोडलेला पाइप पंधरवड्यात अपुरा पडतो. मग आणखी पाइप, आणखी केबल, चर खणायला जेसीबी. हा खर्च कुठल्याही दुष्काळाच्या अहवालात येत नाही. जुलै सरता सरता घाटमाथ्यावर पाऊस कोसळला आणि ऑगस्टमध्ये हेच धरण भरून भीमेत पाणी सोडावं लागलं. दोन महिन्यांपूर्वी पुढे सरकवलेली मोटार आता बुडू नये म्हणून मागे ओढायची वेळ आली.

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला की साल बरं गेलं म्हणायचं. पण इथलं पाणी इथल्या पावसावर ठरत नाही. भाटघर, वीर, नीरा देवघर, उजनी ही धरणं भरतात ती सह्याद्रीच्या पावसावर. त्यामुळे धरण तुडुंब आणि बारामतीतल्या सुप्याच्या विहिरीला तळ दिसतोय, हे एकाच दिवशी घडू शकतं. कालव्याखालचं गाव बागायती, कालव्याच्या वरचं जिरायती. आभाळ एकच, पण त्याचा फटका दोघांना वेगवेगळा बसतो, आणि ‘हवामान बदल’ हा शब्द भाषणात वापरणारे हा फरक फारसा सांगत नाहीत.

नीरा डाव्या कालव्याचं काम १८७६-७७च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झालं आणि १८८५च्या सुमाराला पाणी वाहू लागलं. त्याआधी दहाच वर्षं, मे १८७५मध्ये, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या पेटवल्या होत्या. कालवा बांधताना सरकारच्या डोळ्यांपुढे ज्वारी-बाजरी होती. पाऊस चुकला तर दोन पाळ्या द्याव्यात, पीक वाचावं, माणसं जगावीत, एवढाच हेतू. पण चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीवाल्याला कालव्याचं पाणी नकोच असायचं. पाणीपट्टी मिळेना, कालवा तोट्यात जाऊ लागला. मग ऊस आला. ऊस बारमाही पाणी घेतो आणि बारमाही पैसे देतो. पाणी वाढलं तशा जमिनी पाणथळ होऊन खारवट झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी इथे ‘ब्लॉक’ पद्धत आखली ती यावर उतारा म्हणून: ठरावीक गटातल्या साधारण एक तृतीयांश रानातच ऊस घ्यायचा, बाकीच्यावर हंगामी पिकं, आणि गट कालव्याच्या लांबीभर विखुरलेले. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ साली निघालं तेही या नीरा खोऱ्यातल्या बिघडलेल्या जमिनींमुळेच. त्याच दशकात उद्योगपती वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या शिवारात साखर कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी कारखाने उभे राहिले आणि एक तृतीयांशाचा नियम कागदावर उरला.

आता पावसाकडे वळू. इथला जुना जाणता माणूस अजूनही नक्षत्रांवर बोलतो. मृगावर बाजरी, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आणि हस्त, म्हणजे हत्तीचा पाऊस, पडून वापसा आला की मालदांडी ज्वारी. या गणितात खाडे नेहमीच होते, दुष्काळ नवा नाही. पण अलीकडे खाडे आणि ढगफुटी एकाच वर्षात येऊ लागल्यात. २०१९च्या उन्हाळ्यात बारामतीच्या जिरायत पट्ट्यात टँकर फिरत होते. त्याच सप्टेंबरच्या २५ तारखेच्या रात्री कऱ्हेला असा लोंढा आला, की नाझरे धरणातून पाणी सोडल्यावर बारामती शहरात नदीकाठच्या हजारो लोकांना रातोरात हलवावं लागलं. एरवी कऱ्हा म्हणजे वाळूचा पट्टा. १४ ऑक्टोबर २०२०ला बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने थेट सोलापूर, इंदापूर, बारामती, दौंडवर पाणी ओतलं. २०२३चा ऑगस्ट देशातला १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्या ऑक्टोबरअखेर राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या चाळीस तालुक्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. दीड वर्षाने, मे २०२५मध्ये, मृग लागायच्या कितीतरी आधी, असा पाऊस झाला की पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवाच फुटला. दुष्काळासाठी खोदलेला कालवा उन्हाळ्यात पावसाने फुटतो, हे १८७६च्या इंजिनिअरला सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं.

कारण फार गूढ नाही. हवा एक अंशाने तापली, की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्र तापतोय, वारे ते बाष्प आत आणतात, आणि पडायला लागलं की एकदम पडतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकेका घटनेचं खापर थेट तापमानवाढीवर फोडताना शास्त्रज्ञ जपून बोलतात, आपणही जपूनच बोलावं. मात्र बांधावर पंचवीस वर्षं काढलेल्याला कल ओळखायला आलेख लागत नाही.

वाऱ्याचंही तसंच. २१ मे २०२४च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण गेले. वळवाचा वारा पूर्वीही होता. पण तिथे रोज माणसं, दुचाकी, बाजाराच्या पिशव्या घेऊन बोट सुटते, आणि वारा कधी सुटेल हे सांगणारी यंत्रणा धक्क्यापर्यंत पोहोचलेली नसते.

पिकांमध्ये सर्वांत बोलका अनुभव इंदापूरच्या फळबागांचा. बोरीची द्राक्षं नावाजलेली, निमगाव केतकीचे पानमळे आणि डाळिंबं प्रसिद्ध. द्राक्षाच्या वेलीची दोनदा छाटणी होते: एप्रिलमधली खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरमधली फळासाठी. खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाची सूक्ष्म घडण होते, आणि तिला लागतं कडक ऊन. २०२५सारखा मे महिना ढगाळ आणि ओला गेला, की वेल हिरवीगार दिसते, फुटवे जोमाने येतात, पण ऑक्टोबरात छाटल्यावर कोंबातून घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, निघते. म्हणजे नुकसान मे महिन्यात होतं आणि कळतं दसरा-दिवाळीला, खर्च सगळा करून झाल्यावर. त्यातून घड निघालाच तर फुलोऱ्यात पाऊस, मग डाऊनी, गळ, कूज. ऐपत असेल त्याने बागेवर प्लॅस्टिक आच्छादन घातलंय, आणि त्याचा खर्च बघून छोट्या बागायतदाराची छाती दडपते. डाळिंबाचं वेगळंच. बहर कुठलाही धरा, मृग, हस्त किंवा आंबे, दमट हवेत तेल्या येतो आणि झाडं मरतात ती मर रोगाने. एकेकाळी डाळिंबावर बंगले बांधलेल्या शिवारांतून बागा उपटलेल्या दिसतात.

उपटलेल्या बागेच्या जागी काय येतं? ऊस. माझ्या मते या सगळ्या विषयाची कळ इथेच आहे. शहरातून बघणाऱ्याला वाटतं, दुष्काळी तालुक्यात ऊस लावणारा शेतकरी अडाणी किंवा लोभी. तो दोन्ही नाही. गारपिटीत ऊस फाटतो पण उभा राहतो. चार दिवस पाण्यात राहिला तरी तगतो. अवकाळीने कांदा सडतो, द्राक्ष तडकतं, टोमॅटो गळतो; उसाला हुमणी लागेल, तुरा येईल, वजन घटेल, पण टोळी येते, ऊस तुटतो आणि सरकारने ठरवलेला दर आज ना उद्या खात्यावर पडतो. हवामान जितकं बेभरवशाचं, तितका ऊस भरवशाचा. म्हणजे बदलतं हवामान शेतकऱ्याला सर्वांत जास्त पाणी पिणाऱ्या पिकाकडेच ढकलतं, आणि पाणी तर याच हवामानामुळे अनिश्चित झालेलं. उसाला नुसत्या शिव्या देऊन ही गाठ सुटणार नाही.

बारामतीत यावर काम होत नाही असं नाही. अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने १९७१ साली उभ्या राहिलेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने पाझर तलाव आणि ठिबकपासून सुरुवात केली. आता तिथे ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या साथीने कृत्रिम बुद्धिमत्तेवर ऊस घेतला जातो. शेतात हवामान केंद्र, मातीत ओलाव्याचे सेन्सर, वरून उपग्रहाची नजर, आणि मोबाईलवर मराठीत सूचना: आज पाणी देऊ नका, परवा द्या. जानेवारीतल्या ‘कृषिक’ प्रदर्शनात हे प्लॉट बघायला झुंबड उडते. प्रयोग चांगलाच आहे. पण एक प्रश्न गर्दीत कुणी विचारत नाही: वाचलेलं पाणी जातं कुठे? ठिबकने यापूर्वी जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका एकराचं पाणी वाचलं, की शेजारच्या पडीक एकरात लागण होते. पिकाची तहान कमी झाली, तालुक्याची नाही.

माळेगाव खुर्दला २००९ साली केंद्राची राष्ट्रीय अजैविक स्ट्रेस व्यवस्थापन संस्था आली. नाव जड आहे. काम सोपं करून सांगायचं तर ऊन, अवर्षण, क्षार, पाणथळ अशा त्रासांत पिकं आणि जनावरं कशी टिकवायची ते शोधणं. संस्थेला जागा मिळाली ती मुरूम आणि कातळाची. तिथे खडक फोडून, खड्ड्यांत माती भरून फळझाडं जगवली, ड्रॅगन फ्रूटवर काम केलं. माळरानाच्या मालकाला यात घेण्यासारखं बरंच आहे, फक्त ड्रॅगन फ्रूटही एप्रिल-मेच्या उन्हात करपतं आणि त्याला सावलीची जाळी लागते, हे रोपं विकणारा सांगत नाही.

गोठ्यात मात्र बदल गाजावाजा न होता झालाय. संकरित होल्स्टिन गाय थंड देशातली. पारा चाळिशीला गेला की ती धापा टाकते, वैरण सोडते, दूध घटतं, गाभण राहायला त्रास होतो. अनुभवाने कळलं की दावणीला बांधलेल्या गाईपेक्षा मोकळी सोडलेली बरी राहते. आता कुंपण घातलेला मुक्त गोठा, मधोमध लिंबाची सावली, पाण्याचा हौद सदा भरलेला, छपरावर उसाचं पाचट, आणि कोपऱ्यात मुरघासाच्या बॅगा. मका चिकात असताना कुट्टी करून दाबून ठेवला, की उन्हाळ्यात वैरणीसाठी दारोदार फिरावं लागत नाही. त्या मानाने प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी मला खटकतात. पावसाचं पाणी साठवायला म्हणून अनुदान मिळालं आणि अनेक ठिकाणी ती बोअरने भरतात: जमिनीखालचं गार पाणी वर काढून उन्हात ठेवायचं.

कालव्याच्या वरची माणसं, म्हणजे मेंढपाळ, पिढ्यानपिढ्या हवामानाशी जुळवून घेत आलेली. दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणाकडे उतरायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं. मे महिन्यात पाऊस आला, की वाटेतच मेंढरं भिजतात, कोकरं दगावतात. त्यांची चराऊ माळरानं ‘पडीक’ म्हणून नोंदली गेली, खड्डे खणून तिथे झाडं लावली गेली. इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केल्यापासून चिंकारा आणि लांडग्यांमुळे का होईना, गवताला किंमत आली. कमी पावसात टिकणारं, माती धरून ठेवणारं, पुन्हा न लावता उगवणारं दुसरं काय आहे या भागात? भिगवण-कुंभारगावचे नावाडी आणि भोई मंडळीही हिशेब बदलतायत. धरण हिवाळाभर भरलेलं राहिलं, की रोहित पक्ष्यांना उभं राहायला चिखलाचा उथळ काठ मिळत नाही. ते उशिरा येतात आणि पर्यटकही. जाळ्यात चिलापी मात्र बारमाही.

दोन्ही तालुक्यांच्या राजकारणात ‘उपाय’ म्हणजे अजून पाणी आणणं. जनाई-शिरसाई, पुरंदर, लाकडी-निंबोडी या उपसा सिंचन योजना. २०२१ साली उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी देण्याचा निर्णय सोलापूरकरांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. त्याआधी २०१९मध्ये नीरा देवघरच्या पाण्यावरून डावा कालवा विरुद्ध उजवा कालवा असा वाद पेटला होता. दुसऱ्याच्या हिश्शातलं पाणी आणण्याची शक्यता दर वर्षी आटतेय. कालव्याच्या अस्तरीकरणालाही गावं विरोध करतात, कारण गळणाऱ्या कालव्यावरच शेजारच्या विहिरी जगतात. ती गळती सरकारी कागदात तोटा असते आणि विहीरवाल्याच्या घरात रब्बी.

मग करायचं काय? उसाइतकाच भरवसा दुसऱ्या पिकाला द्यायचा. द्राक्ष-डाळिंबाचा विमा हवामानावर ठरतो आणि हवामान मोजतं महसूल मंडळातलं एक केंद्र. वळीव एका शिवारात कोसळतो आणि शेजारच्या गावी धुरळा उडत असतो. केंद्र त्या दुसऱ्या गावात असलं, की भरपाई शून्य. गावागणिक पर्जन्यमापक बसवणं ही फार महागडी गोष्ट नाही. आच्छादनाचं अनुदान बागेला मिळावं, ज्वारीला हमीभावाने खरेदी मिळावी, आणि जिरायत गावांना रब्बीत वेळेवर दोन पाळ्या. एका एकर आडसाली उसाच्या पाण्यात मालदांडीचे कितीतरी एकर निघतात, शिवाय कडब्यावर गोठा चालतो. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनाच्या तारखांवर तास तास भांडण होतं. विश्वेश्वरय्यांचा एक तृतीयांश पुन्हा काढायचा का, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला तिथे कुठल्या आमदाराची, कुठल्या कारखान्याच्या अध्यक्षाची तयारी आहे?