दरसालचा बंधारा

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हा बहुतेक सारा डोंगरी मुलूख ठाण्याच्या दप्तरातून उतरला, आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे शहापूर व मुरबाड हे दोन तालुके तेवढे जुन्या ठाण्याच्या रानवट रूपाची साक्ष द्यायला मूळ जिल्ह्यात राहिले. माहुलीच्या सुळक्यांपासून नाणेघाटाच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तथापि खालचा काळा कातळ ते पाणी फारसे पोटात घेत नाही, वरचा उतार त्याला थांबू देत नाही, आणि श्रावणात दुथडी वाहणारे ओहोळ पौष-माघात केवळ दगडगोट्यांच्या वाटा होऊन राहतात. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा, त्यानंतर वैतरणेवर झालेले मोडकसागर आणि मुंबईच्या पुरवठ्याचा जवळजवळ निम्मा भार एकट्याने वाहणारे भातसा ही धरणे याच परिसरातली. भातसाचे पाणी पिसे येथील बंधाऱ्यावरून उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि महानगराच्या घराघरांत पोहोचते. आणि ज्या डोंगरांवरून ते ओघळले त्या डोंगरांच्या कुशीतल्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते, किंवा कोरड्या पात्रात खणलेल्या डवऱ्याच्या तळाशी झिरपणारे पाणी वाटीवाटीने हंड्यात भरले जाते. मुरबाडात काळू नदीवर महानगर प्रदेशासाठी योजलेल्या धरणाचे काम २०१२ साली वनमंजुरीच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले, त्यामागे याच अनुभवाने शहाण्या झालेल्या गावांचा दीर्घ विरोध होता.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ती धरणे नव्हेत. ज्याला दरवाजे नाहीत, ज्याचे उद्घाटन नाही, आणि जो पुढच्या मृगाचा पाऊस पडेपर्यंतच टिकायचा हे बांधणाऱ्यांना बांधतानाच ठाऊक असते, अशा कमरेएवढ्या उंचीच्या एका बंधाऱ्याविषयी मला लिहावयाचे आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-रेती भरून ओहोळावर घातलेल्या या बांधाला साऱ्या महाराष्ट्रात ‘वनराई बंधारा’ म्हणतात. मोहन धारिया यांच्या पुण्यातील ‘वनराई’ संस्थेने त्याचा प्रसार केला, आणि पुढे कृषी खात्याने लोकसहभागाची मोहीम म्हणून तो उचलला. शहापूर तालुक्याच्या पूर्वेकडील एका ठाकूरपाड्यावर, खालच्या कुणबी वस्तीतील माणसे मदतीला आलेली असताना, हे काम मी आरंभापासून अखेरपर्यंत पाहिले, आणि थोडेबहुत हातांनी केलेही.

या कामाला मुहूर्त असतो, आणि तो पंचांगात सापडत नाही. फार लवकर बांधावा तर परतीचा एखादा पाऊस सारे केलेले वाहून नेतो; फार उशिरा बांधावा तर ओहोळाची धार इतकी बारीक झालेली असते की अडवण्यासारखे पाणीच उरत नाही. त्यातही दोन अडचणी अशा, की त्या कोणत्याही खात्याच्या परिपत्रकात नमूद होणे कठीण. दसऱ्याच्या सुमारास हळवे भात कापणीला येते आणि त्यामागोमाग गरवे पिकते, तेव्हा घरटी प्रत्येक हात खाचरात गुंतलेला असतो. आणि दिवाळी झाली की कातकऱ्यांची बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे हळवे खळ्यावर आले आहे आणि गरवे अजून उभे आहे, भट्टीचा मुकादम उचल देऊन गेला आहे पण ट्रक आलेला नाही, एवढ्या चिंचोळ्या फटीत गावाला आपली माणसे एकत्र सापडतात. ही फट कधी आहे हे पाड्यावरच्या पाच-सहा वयस्क माणसांना नेमके कळते. आणि त्यांनी सांगितलेला दिवस मोडू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

जागा निवडण्याचे शास्त्रही त्यांच्यापाशीच असते. ओहोळाच्या वळणावर बंधारा घालायचा नाही, कारण वळणावर पाण्याचा सारा रेटा एका काठावर येतो. काठ मातीचे व ठिसूळ असतील तेथेही घालायचा नाही, कारण पाणी बांधाला हात न लावता त्याला बगल देते आणि काठ पोखरून निघून जाते. वरच्या अंगाला पात्र पसरट, बांधाच्या जागी दोन्ही काठ जवळ आलेले आणि तळाशी कातळ, अशी जागा हवी. ती सापडली की पहिले काम बांधण्याचे नसून खरवडण्याचे. कुजलेला पालापाचोळा, गोटे, वाळू, शेवाळ, सारे कुदळीने व हातांनी उपसून तळ उघडा करावा लागतो. पोते आणि कातळ यांच्यामध्ये मूठभर वाळू राहिली तरी पाणी तेवढ्याच वाटेने रात्रभर निसटते. हे खरवडण्याचे काम बायकांनी अंगावर घेतले होते. गुडघाभर गार पाण्यात वाकून, नखांनी चिरा मोकळ्या करीत त्या ज्या रीतीने पुढे सरकत होत्या, ती पाहिल्यावर या बांधाचे सर्वांत निर्णायक आणि सर्वांत कमी दिसणारे काम कोणते, याविषयी संशय राहिला नाही.

पोती भरण्याची जागा काठावर, उंबराच्या सावलीत होती. एकाने गोणीचे तोंड पसरून धरायचे, दुसऱ्याने फावड्याने भरायचे, तिसऱ्याने दाभणात सुतळी ओवून तोंड शिवायचे. कल्याणहून आलेल्या महाविद्यालयीन मुलांपैकी एकाने मोठ्या उत्साहाने गोणी काठोकाठ ठासली, तेव्हा दाभण धरून बसलेले एक म्हातारबाबा त्याला म्हणाले, “गच्च भरू नको, पोरा. गच्च पोतं पोत्यावर बसत नाही, लोळतं.” तीन भाग भरावे आणि एक भाग रिता ठेवावा, मग ते पोते खालच्या दोन पोत्यांच्या खोबणीत आपल्याच वजनाने पसरते आणि त्यांची सांध बुजवते. शिवलेले तोंड पाण्याच्या अंगाला येऊ द्यायचे नाही, कारण सुतळी आधी कुजते. वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, हा तर गवंड्याचाच नियम. पोत्यांच्या अशा दोन रांगा, त्यांच्यामध्ये हातभर अंतर, आणि त्या अंतरात चिकणमातीचा थर टाकून पायांनी तुडवणे. हे तुडवण्याचे काम आश्रमशाळेतल्या मुलांनी एकमेकांचे खांदे धरून, ओळीने, पुढे-मागे होत असे केले की त्यांना ते काम वाटलेच नसावे. बांधाची दोन्ही टोके काठात खणून आत घुसवली होती, आणि माथा मध्यभागी किंचित खाली ठेवला होता, जेणेकरून जास्तीचे पाणी काठ न कापता मधूनच सांडावे.

दुपारी काम थांबले. घरटी आणलेले तांदूळ एकाच मोठ्या टोपात शिजले होते. डाळ, सुकटीची चटणी आणि पानावर वाढलेला तो भात खाताना ठाकूर, कातकरी, कुणबी आणि शहरातली मुले एकाच पंगतीला होती. सणाखेरीज असे एकत्र बसणे पाड्यावर क्वचित घडते, असे एका मावशींनी मला सांगितले. आणि तरीही तो सण नव्हता, कारण जेवण होताच त्या हात धुऊन पुन्हा पाण्यात उतरल्या.

बंधारा बांधला जात असताना ओहोळ वाहतच असतो, म्हणून मध्ये एक फूट-दोन फुटांची खिंड अखेरपर्यंत मोकळी ठेवतात. ती बुजवणे हा या कामातला कसोटीचा क्षण. पाणी एवढ्या जागेतून जोराने निघते की एकेकटे पोते टाकले तर ते उचलले जाते. म्हणून दोन्ही बाजूंना भरलेली पोती हाताशी रचून, चार माणसे खिंडीच्या वरच्या अंगाला पाण्यात उभी राहून, एका हाकेसरशी ती एकावर एक बसवतात आणि वर चिकणमातीच्या पाट्या रित्या होतात. खिंड बुजली. बांधाखालचा आवाज थांबला. मात्र काम संपले नव्हते. म्हातारबाबांनी भाताचा कोंडा मागवला आणि साचू लागलेल्या पाण्यावर मुठीमुठीने भिरकावला. कोंडा पसरला, काही वेळ स्थिर राहिला, आणि मग डाव्या काठाजवळ एके ठिकाणी फेर धरून हळूहळू खाली ओढला जाऊ लागला. तेथे गळती होती. पेंढा कालवलेला मातीचा गोळा घेऊन एक तरुण त्या जागी बुडी मारून आला, पुन्हा गेला, आणि तिसऱ्या गोळ्यानंतर कोंडा जागच्या जागी राहिला. गळती शोधण्याची यापेक्षा अचूक रीत मला माहीत नाही, आणि तिला लागणारे साहित्य प्रत्येक कणगीशेजारी पडलेले असते.

पाणी अडले की हक्काचा प्रश्न उभा राहतो, मग ते धरण असो वा गोण्यांचा बांध. खालच्या वस्तीतले जे गृहस्थ सकाळपासून पोती वाहत होते, त्यांनीच संध्याकाळी विचारले, “तुम्ही वर दार लावलंत, खाली आमची गुरं काय पितील?” तेथेच काठावर बैठक झाली. मोठ्या आवाजात बरेच बोलणे झाले, जुन्या वहिवाटीचे दाखले निघाले, आणि अखेर असे ठरले की बांधात एक नळी बसवून तिच्यातून बारीक धार सतत खाली सोडावी, आणि चार दिवसांनी वरच्या पाड्याने सर्व माणसांनिशी खाली जाऊन त्यांचाही बंधारा बांधून द्यावा. या निर्णयाचा कागद झाला नाही. तानसाच्या काळापासून या तालुक्याच्या पाण्याविषयी जे करार-मदार झाले, त्यांत वरच्या आणि खालच्या माणसाने असे समोरासमोर बसून बोलण्याची तजवीज असती, तर या मुलुखाचे चित्र निराळे दिसले असते, असे मला मनापासून वाटते.

या पाण्याने काय साधते, हे वाढवून सांगणे अन्यायाचे होईल. एवढ्या बांधाने टँकर बंद होत नाहीत; कातळाच्या प्रदेशात अडवलेल्या पाण्याचा काही भाग उन्हाने उडतो, काही भेगांतून निसटतो. परंतु काठच्या विहिरीची पातळी टिकून राहते, ओहोळालगतच्या तुकड्यांत वाल, हरभरा होतो, आणि ज्याच्यापाशी एखादे इंजिन आहे तो भेंडी आणि काकडी लावतो. शहापूर-मुरबाडची भेंडी शहरच्या बाजारात जाते, तिचा तोडा दर एक-दोन दिवसांनी करावा लागतो, आणि म्हणून ती लावणारे घर भट्टीवर जात नाही, निदान सारेच्या सारे जात नाही. बंधाऱ्याचा हा लाभ लिटरांत मोजता येणार नाही. पाड्यावरच्या एका बाईंनी तो निराळ्या मापाने सांगितला: “आधी म्हशाच्या जत्रेला नाला आटायचा. आता शिमग्यापर्यंत कापडं धुवायला लांब जावं लागत नाही.” मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौषी पौर्णिमेपासून खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, बैलांचा आणि घोंगड्यांचा मोठा बाजार होतो, तेथपासून होळीपर्यंत साधारण दोन महिन्यांचे अंतर. हे दोन महिने हीच या बांधाची कमाई.

एक दोष मात्र मला सतत डाचत राहिला. सिमेंटच्या गोण्या प्लॅस्टिकच्या धाग्यांच्या असतात. उन्हाने त्या विरतात, पहिल्या पुराने फाटतात, आणि त्यांच्या चिंध्या निरगुडीच्या आणि करंजाच्या मुळांत अडकून वर्षानुवर्षे राहतात; ज्या ओहोळाला जीवदान द्यायचे त्याच्याच गळ्यात हा कचरा. याला उपाय आहे, आणि त्या पाड्याने तो स्वीकारला आहे. बांधाचा माथा आणि उघडी अंगे मातीने व दगडांनी झाकून ठेवली की ऊन गोण्यांना लागत नाही. आणि ज्येष्ठात, पावसाच्या आधी, बांध हातांनीच उसवला की माती तेथेच राहते आणि गोण्या परत मिळतात. धडक्या निघतील त्या धुऊन, वाळवून शाळेच्या पोटमाळ्यावर ठेवायच्या, फाटक्या वेगळ्या करायच्या, आणि जेवढ्या कमी पडतील तेवढ्याच गावाने पुढच्या साली मागायच्या, असा रिवाज तेथे पडला आहे.

अडचण एवढीच, की बांधण्याच्या दिवशी जितकी माणसे जमतात तितकी उसवण्याच्या दिवशी जमत नाहीत. भट्टीवरची बिऱ्हाडे तेव्हा नुकती परतलेली असतात, घरे शाकारायची असतात, राबाच्या जागी पेरणीची घाई असते. राष्ट्रीय सेवा योजनेची महाविद्यालयीन निवासी शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात, म्हणजे ओहोळ क्षीण झाल्यावर. कल्याणची ती मुले कार्तिकात आली याचे श्रेय त्यांच्या प्राध्यापकांनी शिबिराची तारीख पाड्याला विचारून ठरवली याला आहे. महाविद्यालयांनी आपल्या सात दिवसांपैकी पाच येथे कार्तिकात द्यावेत आणि दोन राखून ठेवून ज्येष्ठात गोण्या उचलायला यावे, अशी विनंती पाड्याने त्या प्राध्यापकांपाशी केली आहे. परीक्षा संपलेल्या असतात, तेव्हा ती मान्य होण्यात वेळापत्रकाची मोठी अडचण पडू नये.