पोरांनीच पोरांना सांगितले

सोळा वर्षांचा पोरगा विडी ओढताना सापडला, की आपण काय म्हणतो? ‘अरे, छाती खराब होईल, कॅन्सर होईल!’ पोरगा मान खाली घालून ऐकतो. संध्याकाळी ओढ्याकाठी जाऊन पुन्हा झुरका मारतो. मरण म्हणजे म्हाताऱ्यांचे काम, असे त्याला वाटते.

अमेरिकेत फ्लॉरिडा नावाचे राज्य आहे. तेथल्या सरकारने सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. १९९७ साली कंपन्यांना मोठी रक्कम कबूल करावी लागली. त्या पैशातून मुलांसाठी टीव्हीवर, रेडिओवर जाहिराती काढायचे ठरले. काय सांगितले तर तुम्ही ऐकाल, असे मुलांनाच विचारले. आम्हा मास्तर मंडळींना हे कधी सुचले नसते!

१९९८ साली जाहिराती सुरू झाल्या. त्यांत ‘ओढू नका’ असा उपदेश नव्हता. कंपन्या तुम्हाला कशा फसवतात, ते होते. जुने गिऱ्हाईक मरते, म्हणून कंपनीला नवे लागते. ते नवे गिऱ्हाईक म्हणजे तू! खरी मेख येथेच आहे. पोराला मरणाची भीती वाटत नाही, पण कुणी आपल्याला बनवले याचा राग येतो.

२००० साली अशाच जाहिराती साऱ्या देशासाठी निघाल्या. एका जाहिरातीत तरुण मुले एका बड्या सिगारेट कंपनीच्या दारात प्रेते ठेवायच्या पिशव्या आणून टाकतात. एक नाही, दोन नाही, १२००! तंबाखूपायी त्या देशात रोज इतकी माणसे मरत होती.

फ्लॉरिडात दोन वर्षांत फरक दिसला. सहावी ते आठवीच्या १०० मुलांत सुमारे १८ जण ओढत, ते ११ वर आले. नववी ते बारावीत मात्र २७ चे २३ च झाले. मोठ्या पोरांना तलफ जडलेली असते. नुसत्या जाहिरातीने ती सुटत नाही, कुणीतरी हात धरावा लागतो.

त्यासाठी आपल्या देशात सरकारी फोन आहे. नंबर १८००-११-२३५६. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. विडी सोडायचा दिवस ठरवून देतात, पुढे चौकशीही करतात. तलफ आली की दहा मिनिटे कशीबशी काढायची, ती ओसरते. हा नंबर विडीच्या बंडलावरच छापलेला असतो. तुम्हाला आता वाचता येते, तेव्हा पोराला दाखवा. फोन मात्र त्यालाच करू द्यावा, आणि आपण जरा बाहेर ओट्यावर जाऊन बसावे.