पासवर्ड साठवायचा नसतो

नव्या सांगवीतल्या एखाद्या सोसायटीसाठी ॲप लिहिणाऱ्याने रहिवाशांचे पासवर्ड जसेच्या तसे डेटाबेसमध्ये मुळीच ठेवू नयेत. ठेवायचा तो हॅश, म्हणजे पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून आलेली, उलटी न फिरणारी अक्षरांची रांग. लॉगिनच्या वेळी तीच प्रक्रिया पुन्हा करून ताडून पाहायचं.

पण नुसता हॅश पुरत नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनचे हॅश चोरीला गेले. ते वेगवान एसएचए-१ पद्धतीचे आणि सॉल्टविना होते, म्हणून लाखो पासवर्ड भराभर फुटले. सॉल्ट हा प्रत्येक खात्याला वेगळा जोडलेला अक्षरांचा तुकडा. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश निराळे येतात. शिवाय पद्धत मुद्दाम संथ हवी: बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२. विसरलेला जुना पासवर्डच एखादं ॲप कळवत असेल, तर ते हॅश नव्हे, पासवर्डच साठवतं; तोच पासवर्ड इतरत्र असल्यास आजच बदला.