सॅनिटरी नॅपकिनचा धंदा : माल वाढला, माप मात्र राहिले

सॅनिटरी नॅपकिन ही आता शहरापुरती वस्तू राहिलेली नाही. मासिक पाळीच्या काळात स्वच्छ साधने वापरणाऱ्या १५ ते २४ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये ते ७७.३ टक्क्यांवर गेले. म्हणजे बाजारपेठ वाढते आहे. पण ज्या भगिनींसाठी हा माल बनतो, त्यांच्या गरजेचे माप कोणी घेतले आहे काय?

या धंद्यात लहान माणसाला वाट दाखविली ती कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी. १९९८ साली लग्न झाल्यावर पत्नी पाळीसाठी जुन्या चिंध्या वापरते, हे त्यांना दिसले. नॅपकिन घ्यावे तर घरच्या दुधाच्या खर्चाला कात्री लागणार होती. त्यांनी स्वतः प्रयोग सुरू केले. तपासणीला बाई मिळेना, तेव्हा फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये बकऱ्याचे रक्त भरून ते अंगावर बांधून हिंडले. लोकांनी वेड्यात काढले. अखेर कळले की मोठ्या कंपन्या कापूस नव्हे, लाकडाचा लगदा वापरतात. मग त्यांनी सुमारे ७५ हजार रुपयांपासून मिळणारे साधे यंत्र तयार केले आणि बचत गटांना रोजगार मिळाला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

बकऱ्याच्या रक्ताचे हसू येण्याचे कारण नाही. भारतीय मानक ५४०५ च्या १९८० च्या आवृत्तीतही नॅपकिनने ३० मिलिलिटर रंगीत पाणी, किंवा मेंढी-बकऱ्याचे रक्त, किंवा चाचणीचे द्रावण शोषावे, अशी कसोटी होती. परदेशातही कंपन्या मिठाचे पाणीच वापरीत. पाळीच्या स्रावात रक्ताबरोबर पेशी आणि चिकट द्रव असतो. तो पाण्यासारखा वाहत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मानवी रक्त वापरून २१ साधने तपासली, ती थेट २०२३ मध्ये! पाकिटावरचा दावा आणि प्रत्यक्ष क्षमता यांत बराच फरक आढळला.

हा केवळ दुकानदारीचा प्रश्न नाही. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणे हा अतिस्राव मानतात. डॉक्टर विचारतात, दिवसाला किती पॅड लागतात? पॅड किती शोषते हेच ठाऊक नसेल तर उत्तराचा उपयोग काय? आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अतिस्राव हे त्याचे एक कारण असू शकते, आणि ते नेमके इथेच नजरेआड होते.

करांचेही गणित पाहा. जुलै २०१७ मध्ये नॅपकिनवर १२ टक्के जीएसटी लागला, जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. पण माल करमुक्त असल्याने कच्च्या मालावर भरलेला कर उत्पादकाला परत मिळत नाही. दुसरीकडे जनऔषधी केंद्रांत २०१९ पासून एक रुपयाला पॅड मिळते. केवळ भावात टिकणे लहान उत्पादकाला कठीण आहे.

म्हणून या धंद्यात उतरणाऱ्यांनी मालाची तपासणी करून घ्यावी आणि शोषणक्षमता पाकिटावर मराठीत, मिलिलिटरमध्ये छापावी. ग्राहक भगिनींनीही दुकानात न लाजता विचारावे. तेलाचे माप आपण पाहून घेतो, मग याचे का नाही?